सोव्हिएत तेलाचा प्रस्ताव (१९६०) आणि भारताचे तेलधोरण : एक ऐतिहासिक परामर्श

प्रस्तावना

स्वातंत्र्योत्तर भारताच्या आर्थिक इतिहासात पंचवार्षिक योजना, अन्नधान्याची आयात आणि परकीय चलनाची टंचाई या विषयांवर विपुल लेखन झाले आहे. त्या मानाने खनिज तेलाच्या किमतीचा प्रश्न काहीसा उपेक्षित राहिला. तेलाचा विचार सामान्यतः १९७३ च्या दरवाढीपासून सुरू केला जातो. वस्तुतः तेलाची किंमत कोण ठरवतो आणि ती देशाने निमूटपणे मान्य करावी काय, हा प्रश्न त्यापूर्वी तेरा वर्षे भारतापुढे उभा राहिला होता. १९६० मध्ये सोव्हिएत संघाने प्रचलित दरापेक्षा कमी दराने आणि रुपयांत मोबदला स्वीकारून कच्चे तेल देऊ केले. परंतु देशातील मोठे तेलशुद्धीकरण कारखाने ज्या विदेशी कंपन्यांच्या मालकीचे होते, त्यांनी ते तेल शुद्ध करण्यास नकार दिला. शासनाने कारखाने ताब्यात घेतले नाहीत. असे असूनही भारताला मिळणाऱ्या तेलाच्या दरात पुढे सवलत मिळू लागली. हे कसे घडले आणि त्यातून भारतीय तेलधोरणाला कोणती दिशा मिळाली, याचा परामर्श प्रस्तुत निबंधात घेतला आहे.

रॉकेलचे दरयुद्ध आणि कंपन्यांचा समझोता

रशियन तेलावरून भारतीय बाजारात संघर्ष होण्याची ही पहिली वेळ नव्हती. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात भारतातील तेलाचा बाजार म्हणजे मुख्यतः रॉकेलचा बाजार होता. खेड्यापाड्यांतील कंदील आणि चिमण्या रॉकेलवरच जळत. १९२७ मध्ये न्यूयॉर्कच्या स्टँडर्ड ऑइल कंपनीने सोव्हिएत रॉकेल विकत घेऊन भारतात आणले. रशियातील क्रांतीत आपल्या तेलविहिरी गमावलेल्या रॉयल डच शेलने याला प्रत्युत्तर म्हणून भारतातील रॉकेलचे दर पाडले. हे दरयुद्ध लवकरच भारताबाहेर पसरले आणि सर्वच कंपन्यांना जाचक ठरू लागले.

याची परिणती सप्टेंबर १९२८ मध्ये स्कॉटलंडमधील अ‍ॅक्नाकॅरी येथे झालेल्या गुप्त समझोत्यात झाली. प्रमुख कंपन्यांनी परस्परांचे बाजारातील वाटे होते तसे राखण्याचे ठरवले. तेल कोठूनही आले तरी त्याची किंमत मेक्सिकोच्या आखातातील दर अधिक तेथपासूनचे जहाजभाडे अशी आकारण्याची पद्धत रूढ झाली. त्यामुळे इराणच्या आखातातून अल्प अंतर कापून येणाऱ्या तेलावरही अर्ध्या जगाच्या प्रवासाचे भाडे ग्राहकाच्या माथी बसे. त्याच वर्षी भारतात बर्मा-शेल ही वितरण कंपनी स्थापन झाली. दुसऱ्या महायुद्धानंतर इराणचे आखात हे किमतीचे स्वतंत्र आधारस्थान मानले जाऊ लागले, तथापि किंमत जाहीर करण्याचा अधिकार कंपन्यांकडेच राहिला.

१९५१ ते १९५३ चे करार

स्वातंत्र्याच्या वेळी आसामातील दिग्बोई येथे १९०१ पासून चालू असलेला लहान कारखाना सोडल्यास भारत शुद्ध तेलाच्या आयातीवरच अवलंबून होता. १९५१ मध्ये इराणने तेलउद्योगाचे राष्ट्रीयीकरण केल्यावर अबादान येथील कारखाना बंद पडला आणि या परावलंबनाची जाणीव तीव्र झाली. शासनाने १९५१ ते १९५३ या काळात स्टँडर्ड-व्हॅक्यूम (नंतरची एस्सो), बर्मा-शेल आणि कॅलटेक्स या कंपन्यांशी करार केले. पहिल्या दोन कंपन्यांचे कारखाने मुंबईजवळ तुर्भे (ट्रॉम्बे) येथे अनुक्रमे १९५४ व १९५५ मध्ये, तर कॅलटेक्सचा विशाखापट्टणम येथे १९५७ मध्ये सुरू झाला.

भांडवल आणि तंत्रज्ञान या दोन्हींची वाण असल्याने करारांच्या अटी उदार होत्या. पंचवीस वर्षे कारखाने ताब्यात न घेण्याची हमी देण्यात आली. आयात शुल्कात संरक्षण मिळाले. त्याहून महत्त्वाची अट म्हणजे कच्चे तेल कोठून आणावे हे ठरवण्याची मुभा कंपन्यांना राहिली. या कंपन्या आपल्याच परिवारातील तेल उत्पादक कंपन्यांकडून जाहीर दराने कच्चे तेल घेत. म्हणजे विकणारा आणि विकत घेणारा एकाच घरचा असे, आणि परकीय चलन मात्र भारताचे खर्ची पडे. तुर्भे येथे तयार झालेल्या रॉकेलची वा डिझेलची किंमतही ते इराणच्या आखातातून जहाजाने आणले आहे असे गृहीत धरून आकारली जाई. कारखाना देशात आला, पण किमतीचे माप देशाबाहेरच राहिले.

पर्यायाची उभारणी

१९५६ च्या औद्योगिक धोरण ठरावाने खनिज तेलाचा भावी विकास सार्वजनिक क्षेत्राकडे सोपवला. त्याच वर्षी तेल व नैसर्गिक वायू आयोगाची रचना झाली. या धोरणामागे केशवदेव मालवीय यांचा आग्रह होता. सोव्हिएत व रुमानियन तंत्रज्ञांच्या साहाय्याने शोधकार्य आणि कारखान्यांची उभारणी सुरू झाली. गुजरातेत १९५८ मध्ये खंबायत परिसरात आणि १९६० मध्ये अंकलेश्वर येथे तेल सापडले. जून १९५९ मध्ये वितरणासाठी इंडियन ऑइल कंपनी स्थापन झाली.

या सर्व हालचालींना परकीय चलनाच्या संकटाची किनार होती. दुसऱ्या पंचवार्षिक योजनेतील यंत्रसामग्रीच्या आयातीमुळे १९५७-५८ पर्यंत चलनाची गंगाजळी झपाट्याने आटली होती. १९५८ मध्ये भारताला साहाय्य करणाऱ्या राष्ट्रांचा गट स्थापन करावा लागला. अशा वेळी तेलाच्या प्रत्येक पिंपामागे वाचलेला पैसा योजनेच्या दृष्टीने मोलाचा होता.

१९६० चा पेच

दरम्यान जागतिक बाजारात तेलाचा पुरवठा मागणीपेक्षा वाढला होता. कंपन्यांनी १९५९ व १९६० मध्ये मध्यपूर्वेतील जाहीर दर उतरवले. त्यामुळे महसूल घटलेल्या उत्पादक देशांनी सप्टेंबर १९६० मध्ये बगदाद येथे ओपेक ही संघटना स्थापन केली. सोव्हिएत संघही युद्धपूर्व काळातील आपला बाजार परत मिळवण्यासाठी स्वस्त तेल घेऊन उतरला होता. यामागे निव्वळ औदार्य नव्हते. पूर्व युरोपातील मित्रराष्ट्रांना तो हेच तेल चढ्या दराने विकत होता. परंतु भारताच्या दृष्टीने दोन गोष्टी महत्त्वाच्या होत्या : दर कमी होता आणि मोबदला रुपयांत द्यावयाचा होता.

शासनाने तिन्ही कंपन्यांना हे कच्चे तेल शुद्ध करण्याविषयी विचारले. त्यांनी करारातील मुभेकडे बोट दाखवून नकार दिला. योगायोगाने त्याच सुमारास क्यूबातही हाच प्रश्न उपस्थित झाला होता. तेथेही टेक्साको, एस्सो व शेल यांनी सोव्हिएत तेल शुद्ध करण्याचे नाकारले आणि जून-जुलै १९६० मध्ये क्यूबाच्या शासनाने त्यांचे कारखाने ताब्यात घेतले.

भारताने हा मार्ग स्वीकारला नाही. करारातील हमी हे त्याचे एक कारण होते. दुसरे कारण अन्नधान्याचे होते. ४ मे १९६० रोजी अन्नमंत्री स. का. पाटील यांनी वॉशिंग्टन येथे पी. एल. ४८० कायद्याखालील करारावर सह्या केल्या होत्या. त्यानुसार चार वर्षांत १ कोटी ६० लाख टन गहू व १० लाख टन तांदूळ भारताला मिळणार होता. ज्यांच्या गव्हावर देशाची शिधावाटप व्यवस्था उभी होती, त्यांच्याच तेलकंपन्यांशी उघड संघर्ष करणे धोक्याचे होते. हा धोका काल्पनिक नव्हता, हे शेजारच्या श्रीलंकेच्या (तत्कालीन सिलोन) अनुभवावरून दिसून आले. तेथील शासनाने विदेशी कंपन्यांच्या वितरण मालमत्तेपैकी काही भाग ताब्यात घेतल्यानंतर मोबदल्याच्या वादावरून फेब्रुवारी १९६३ मध्ये अमेरिकेने आर्थिक साहाय्य थांबवले.

भारताने मधला मार्ग काढला. कच्च्या तेलाचा आग्रह बाजूला ठेवून शासनाने सोव्हिएत संघाकडून शुद्ध तेल घेण्याचे ठरवले. १७ ऑगस्ट १९६० रोजी ‘उझगोरोद’ हे जहाज ११,३९० टन डिझेल घेऊन मुंबईच्या पीर पाव धक्क्यास लागले. इंडियन ऑइलचा हा पहिला माल होता. देशाच्या एकूण गरजेपुढे तो नगण्य होता. परंतु विदेशी कंपन्यांच्या टाक्या व कारखाने वगळूनही तेल देशात येऊ शकते, हे त्याने सिद्ध केले.

सवलतीचा अर्थ

सोव्हिएत प्रस्तावाचा अधिक दूरगामी परिणाम वाटाघाटींवर झाला. तोवर जाहीर दर हाच बाजाराचा दर होय, असे कंपन्यांचे प्रतिपादन होते. आता त्याहून कमी दर लेखी स्वरूपात शासनाच्या हाती होता. त्यामुळे त्या प्रतिपादनाचा पायाच खचला आणि कंपन्यांनी जाहीर दरावर सवलत देऊ केली. शासनाने नेमलेल्या दामले समितीने १९६१ मध्ये शुद्ध तेलाच्या किमती निश्चित करताना अशा सवलती हिशेबात धरल्या. जाहीर दर आणि प्रत्यक्ष दर यांत अंतर असते, हे तत्त्व भारतीय किंमतधोरणात यापुढे स्थिर झाले.

या घटनेचे मूल्यमापन दोन प्रकारे केले जाते. एका मतानुसार स्वतःच्या भूमीवरील कारखान्यांत स्वस्त तेल शुद्ध करून घेता न येणे हे सार्वभौमत्वाचे अपयश होते. दुसऱ्या मतानुसार ते मर्यादित बळ असलेल्या देशाचे व्यवहारचातुर्य होते. दोन्ही मतांत तथ्य आहे. तथापि पहिले मत १९५१ च्या करारांचा दोष १९६० च्या निर्णयावर लादते. दुसरे मत मिळालेल्या सवलतीचे कौतुक करताना एक गोष्ट विसरते : सवलत किती द्यावयाची हे अखेरीस कंपन्याच ठरवत होत्या. जे तेल तुर्भ्याला कधी आलेच नाही, त्याने आलेल्या तेलाची किंमत उतरवली हे खरे; परंतु किती उतरावी हे ठरवण्यासाठी स्वतःचे कारखाने हवे होते.

शासनाने हा धडा घेतल्याचे पुढील घटनाक्रमावरून दिसते. गुवाहाटी (१९६२), बरौनी (१९६४) व कोयली (१९६५) येथे सार्वजनिक क्षेत्रातील कारखाने सुरू झाले. १९६४ मध्ये शुद्धीकरण व वितरण या दोन्ही कामांसाठी इंडियन ऑइल कॉर्पोरेशन अस्तित्वात आले. फेब्रुवारी १९७४ मध्ये बॉम्बे हाय येथे तेल सापडले. १९७३-७४ च्या दरवाढीनंतर उत्पादक देशांनी विहिरींची मालकी आपल्याकडे घेण्यास आरंभ केला, तेव्हा कच्च्या तेलाची हमी देण्याचे कंपन्यांचे सामर्थ्यही सरले. १९७४ मध्ये एस्सो आणि १९७६ मध्ये बर्मा-शेल व कॅलटेक्स यांचे व्यवहार शासनाने वाटाघाटी करून व मोबदला देऊन ताब्यात घेतले. १९६० मध्ये जे बळाने करणे धोक्याचे होते, ते दीड दशकानंतर संघर्षाविना साध्य झाले.

समारोप

फेब्रुवारी २०२२ मध्ये युक्रेनचे युद्ध सुरू झाल्यानंतर रशियाने भारताला पुन्हा सवलतीच्या दराने कच्चे तेल देऊ केले. २०२१-२२ मध्ये भारताच्या तेल आयातीत रशियाचा वाटा सुमारे दोन टक्के होता. २०२३-२४ मध्ये तो एक तृतीयांशाहून अधिक झाला. या वेळी ते तेल शुद्ध करण्यासाठी कोणाची मनधरणी करावी लागली नाही. १९६० आणि २०२२ यांतील हा फरक मधल्या सहा दशकांत उभारलेल्या कारखान्यांचा होता.

मात्र तुलनेची दुसरी बाजूही ध्यानात घ्यावी लागते. १९६० मध्ये रुपयांतील मोबदला सोव्हिएत संघाला स्वीकारता आला, कारण त्या रुपयांतून तो चहा, ताग यांसारखा भारतीय माल घेत असे. २०२३ मध्ये रुपयांतील व्यवहार अडखळले. तेलाची आयात प्रचंड वाढली, पण तितक्या मोलाचा भारतीय माल रशियाला जात नव्हता आणि साठलेल्या रुपयांचे करावयाचे काय, असा प्रश्न विक्रेत्यापुढे उभा राहिला. म्हणजे स्वतःचा कारखाना असला तरी स्वस्त तेलाचा पुरता लाभ पदरात पडण्यासाठी विकण्याजोगा मालही असावा लागतो.

ऊर्जेच्या आंतरराष्ट्रीय बाजारात किंमत केवळ मागणी व पुरवठा यांच्या मेळातून ठरत नाही. ग्राहकाला प्रत्यक्ष दराची माहिती किती आहे, त्याच्यापाशी दुसरा विक्रेता आहे काय, त्या विक्रेत्याचा माल उतरवून घेण्याची सोय आहे काय आणि मोबदला देण्याचे चलन कोणते आहे, यांवरही ती अवलंबून असते. १९६० मध्ये यांपैकी माहिती, विक्रेता आणि चलन भारताला लाभले होते. सोय मात्र अपुरी होती. पीर पाव धक्क्यास लागलेल्या त्या एका जहाजाचे महत्त्व ही उणीव भरून काढण्याचा आरंभ म्हणूनच आहे.