बाईंचा निरोप

गेल्या पावसाळ्यात आमच्या शाळेच्या संगणकावर एक ई-मेल आला. पाठविणाऱ्याच्या जागी वरच्या कचेरीचे नाव होते आणि मजकूर इतकाच, की शिक्षकांचे वेतन रोखण्यात आले आहे, तरी सोबतची फाईल आजच्या आज उघडून माहिती भरावी. आमचे कारकून एरवी मोठे सावध गृहस्थ. पण त्या दिवशी गडबडले. त्यांचे बोट माउसवर गेले आणि मला एकदम तलवाडा आठवला.

वाचकहो, तलवाडा हे आमच्या तळासरीकडचे गाव. १९४५ साली डहाणू-उंबरगावच्या मुलखात सावकार-जमीनदारांचेच राज्य होते. वारली वेठीने राबत. लग्नासाठी काढलेल्या कर्जापायी माणूस बायकोसह धन्याच्या दारी अडकून पडे. त्याला लग्नगडी म्हणत. त्या वर्षी २३ मे रोजी झरी गावी किसान सभेची सभा झाली आणि शामराव व गोदावरी परुळेकर यांच्या पाठबळावर वारल्यांनी वेठ नाकारली. पुढे पाड्यापाड्यावर बाईंच्या शब्दाला मोल आले.

हा विश्वासच कोणीतरी हेरला. १० ऑक्टोबरच्या सुमारास निरोप फिरला, की बाई तलवाड्याला सभेसाठी येत आहेत, त्यांच्या जिवाला धोका आहे, काठ्या घेऊन ताबडतोब निघा. निरोप खोटा होता. बाई तेथे यायच्याच नव्हत्या. दुसरीकडे सरकारच्या कानी घातले गेले, की वारली दंग्यासाठी जमत आहेत. हजारो माणसे बाईंची वाट पाहत बसली आणि त्यांच्यावर गोळीबार झाला. जेठ्या गांगड धरून पाच जण प्राणांस मुकले. ही हकीकत गोदावरीबाईंनी ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या आपल्या पुस्तकात सांगितली आहे.

आता पंचावन्न वर्षे पुढे या. ४ मे २००० रोजी फिलिपाइन्समधून निघालेला एक ई-मेल जगभर पसरला. विषय होता ‘आय लव्ह यू’. सोबत प्रेमपत्र म्हणून एक फाईल. तिच्या नावात ‘टीएक्सटी’ ही साध्या मजकुराची खूण होती. पण त्याही पुढे ‘व्हीबीएस’ ही अक्षरे होती, आणि ती पुष्कळ संगणकांवर दिसतच नसत. ते पत्र नव्हते, संगणकाला दिलेल्या आज्ञा होत्या. उघडताच त्या फायली बिघडवीत आणि त्या माणसाच्या ओळखीच्या साऱ्या पत्त्यांवर, त्याच्याच नावाने, तेच पत्र धाडीत. लक्षावधी संगणक बाधले. ब्रिटिश पार्लमेंटलाही आपली ई-मेल व्यवस्था काही काळ बंद ठेवावी लागली.

काळ निराळा, साधन निराळे. कपट मात्र एकच. शत्रूच्या नावाने आलेला निरोप कोण मानील? म्हणून तो आपल्या माणसाचे नाव घेऊन येतो, काळजात भीती किंवा माया जागवितो, आणि विचार करायला सवड ठेवीत नाही. या तीन खुणा एकत्र दिसल्या, की हात आवरावा. पाठविणाऱ्याचे नुसते नाव न पाहता पूर्ण पत्ता अक्षर-अक्षर वाचावा. न मागितलेली फाईल उघडू नये. तिच्या नावाची शेवटची अक्षरे पाहावीत. कागदपत्र उघडल्यावर ‘मॅक्रो चालू करा’ असे कोणी सुचविले, तर मुळीच करू नये. चुकून उघडलेच, तर संगणकाचे इंटरनेट तोडून जाणत्याला लगेच सांगावे. पैशांची फसवणूक झाली तर १९३० या क्रमांकावर कळवावे. लाजून गप्प बसल्याने विषाणू थांबत नाही.

आणि सर्वांत मोठा उपाय म्हणजे विचारून घेणे. तेही त्या पत्राला उत्तर देऊन नव्हे, तर दुसऱ्या वाटेने. आम्ही कचेरीचा जुना, वहीतला नंबर फिरविला. “असे पत्र आम्ही पाठविलेलेच नाही, गुरुजी,” पलीकडून उत्तर आले. कारकुनांनी कपाळावरचा घाम पुसला.

तलवाड्याच्या माळावर बसलेल्या माणसांजवळ टेलिफोन नव्हता. ‘बाई, निरोप तुमचाच ना?’ एवढे विचारायला त्यांना वाट नव्हती. आपल्याला ती आहे. दिवाळीच्या शुभेच्छांचे ई-मेल उघडताना एवढे ध्यानात ठेवले, तरी पुरे.