सुरीच्या आधीचे चाळीस दिवस

माझं आजोळ शिरूर अनंतपाळचं. नानीच्या अंगणात दगडमातीचा एक दडबा होता. शेजारच्या मराठा घरात त्यालाच खुराडं म्हणत. नाव वेगळं, रीत एकच. सकाळी दार उघडायचं. कोंबड्या दिवसभर उकिरड्यावर, गोठ्यात, बाभळीखाली फिरायच्या आणि दिवेलागणीला आपसूक परतायच्या. पाहुणे येणार असले की नानी एखादी मुर्गी तीन दिवस आधी डालग्याखाली ठेवायची. तिला ज्वारी आणि स्वच्छ पाणी द्यायची. का, असं विचारलं तर म्हणायची, "उकिरडे पे चरती ना बाबा, पेट साफ होने दे."

ही नानीची एकटीची सवय नव्हती, हे पुढे कळलं. घाण खाणाऱ्या जनावराला अरबीत 'जल्लाला' म्हणतात. अशी कोंबडी खायची असेल तर हजरत अब्दुल्लाह इब्न उमर तिला तीन दिवस वेगळं ठेवत, अशी नोंद हदीसच्या जुन्या संग्रहांत आहे. कोंबडी कशी कापली याइतकंच ती कशी जगली याकडेही त्या काळी लक्ष होतं.

आज चिकन सेंटरवर आपण एकच प्रश्न विचारतो : हलाल है ना? तो प्रश्न सुरीचा आहे आणि महत्त्वाचाही आहे. पण ब्रॉयलर कोंबडी साधारण चाळीस दिवस जगते. त्या दिवसांबद्दल आपण काही विचारत नाही. हे कसं झालं, ते थोडं इतिहासात जाऊन पाहू.

अंगणातून शेडमध्ये

कोंबडीची मूळ पूर्वज असलेली रानकोंबडी वर्षाला जेमतेम डझनभर अंडी घालते. आजची व्यापारी लेअर कोंबडी तीनशेच्या वर घालते. हा बदल आपल्या महाराष्ट्रात पुण्याहून पसरला. डॉ. बी. व्ही. राव यांनी १९७१ मध्ये वेंकटेश्वरा हॅचरीज सुरू केली. अंड्याचा भाव व्यापाऱ्यांनी नव्हे तर उत्पादकांनी ठरवावा म्हणून १९८२ मध्ये त्यांच्याच पुढाकाराने राष्ट्रीय अंडी समन्वय समिती उभी राहिली. स्वस्त प्रथिनं गरिबाच्या ताटात आली. लातूर-नांदेडच्या कोरडवाहू शेतकऱ्याला जोडधंदा मिळाला. हे श्रेय नाकारण्यात अर्थ नाही.

किंमत पक्ष्याने मोजली. कॅनडातल्या अल्बर्टा विद्यापीठाने २०१४ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. १९५७ सालच्या वाणाची आणि २००५ सालच्या वाणाची पिल्लं एकाच खाद्यावर वाढवली. ५६ दिवसांनी जुन्या वाणाचा पक्षी सुमारे ९०० ग्रॅमचा, तर नव्याचा ४ किलो २०० ग्रॅमचा भरला. एवढं वजन पेलताना पाय आणि हृदय मागे पडतात. शेडमधले लंगडणारे पक्षी कोणत्याही शेतकऱ्याने पाहिलेले असतात.

२०१९ च्या पशुगणनेत देशात सुमारे ८५ कोटी कोंबड्या-बदकं मोजली गेली. त्यातली साधारण ५३ कोटी व्यापारी शेडमधली होती.

कायदा काय म्हणतो

प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा आपला कायदा १९६० चा. नृत्यांगना रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी राज्यसभेत सतत पाठपुरावा केल्यामुळे तो आला. त्याच्या ११ व्या कलमात, जनावराला हालचाल करता येणार नाही इतक्या अरुंद पिंजऱ्यात ठेवणं हा गुन्हा आहे. त्याच कायद्याचं २८ वं कलम धर्मानुसार जनावर कापण्याला संरक्षण देतं. आपल्या समाजात या २८ व्या कलमाची चर्चा खूप होते. ११ व्या कलमाची जवळपास होतच नाही. धर्माचं संरक्षण कापण्याच्या पद्धतीला आहे, पिंजऱ्याला नाही.

जगात पिंजऱ्याचा प्रश्न ऐरणीवर आणला तो ब्रिटनच्या रूथ हॅरिसन यांनी, १९६४ मध्ये 'अ‍ॅनिमल मशिन्स' हे पुस्तक लिहून. लोक इतके अस्वस्थ झाले की सरकारला ब्रॅम्बेल समिती नेमावी लागली. पाळीव जनावराला किमान उभं राहता, आडवं होता, वळता, अंग साफ करता आणि हातपाय ताणता यावेत, असं तिने १९६५ मध्ये सांगितलं. पुढे ऑक्सफर्डच्या मॅरियन डॉकिन्स यांनी सहकाऱ्यासोबत कोंबडीला लागणारी जागा प्रत्यक्ष मोजली. १९८९ च्या त्या अभ्यासात कोंबडीला नुसतं उभं राहायला सरासरी ४७५ चौरस सेंटीमीटर लागले, वळायला सुमारे १,२७० आणि पंख फडकवायला सुमारे १,८७०. युरोपीय संघाने १९९९ मध्ये ठरवून २०१२ पासून साधे बॅटरी पिंजरे बंद केले.

आपल्याकडे विधी आयोगाने २०१७ मध्ये २६९ वा अहवाल याच विषयावर दिला आणि लेअर व ब्रॉयलर दोन्हींसाठी नियमांचे मसुदे जोडले. २०२३ मध्ये अंडी देणाऱ्या कोंबड्यांसाठी केंद्राचे नियम आले : एका पक्ष्याला किमान ५५० चौरस सेंटीमीटर. झेरॉक्सचा ए-फोर कागद ६२४ चौरस सेंटीमीटरचा असतो. म्हणजे नियम पाळला तरी कोंबडीला एक कागदही मिळत नाही. तिला उभं राहता येतं, पंख उघडता येत नाहीत.

तेराव्या शतकातली एक यादी

इज्जुद्दीन इब्न अब्दुस्सलाम हे दमास्कस आणि कैरोत काम केलेले मोठे फकीह. निधन १२६२ चं. 'कवाईदुल अहकाम' या ग्रंथात त्यांनी जनावरांचे माणसावर असलेले हक्क मोजले आहेत. जनावर म्हातारं किंवा आजारी होऊन निरुपयोगी झालं तरी त्याचा खर्च करावा. झेपणार नाही इतका भार टाकू नये. इजा करणाऱ्या जनावरासोबत ठेवू नये. बसण्या-विसाव्याची जागा चांगली ठेवावी. कापताना नीट कापावं आणि पिलांना त्यांच्या नजरेसमोर कापू नये.

ब्रिटनमध्ये जनावरांची 'पाच स्वातंत्र्यं' १९७९ मध्ये लिहिली गेली. पण 'हे सगळं आमच्याकडे आधीच होतं' म्हणून छाती फुगवावी अशी स्थिती नाही. मुस्लिम देशांतही शेड तसेच आहेत. यादी आपल्या ग्रंथात आहे, पण बाजारात ती कुणी मागत नाही.

शेडवाल्याचा हिशेब

दोष शेतकऱ्याच्या माथी मारणं सोपं आहे. कराराच्या पद्धतीत पिल्लं, खाद्य, औषधं कंपनीची. शेड, वीज, पाणी, राबणं शेतकऱ्याचं. पैसे किलोवर. पक्ष्याला साधारण एक चौरस फूट जागा देतात. दीड फूट दिली तर शेडमधले पक्षी कमी होतात आणि कर्जाचा हप्ता तोच राहतो. त्यात आपला उन्हाळा. कोंबडी खाद्याच्या दुप्पट पाणी पिते, उन्हात त्याहून जास्त. २०१६ मध्ये लातूर शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, त्या वर्षी शेड चालवणं काय असेल याचा विचार करावा.

दाटीचा त्रास माणसापर्यंत येतो. गर्दीतले पक्षी आजारी पडू नयेत आणि लवकर वाढावेत म्हणून औषधं वापरली गेली. माणसासाठी अखेरचा उपाय असलेलं कोलिस्टिन केंद्राला २०१९ मध्ये कुक्कुटपालनात बंद करावं लागलं. बर्ड फ्लू देशात प्रथम २००६ मध्ये नवापुरात सापडला आणि लाखो पक्षी मारले गेले. जानेवारी २०२५ मध्ये उदगिरात कावळे त्याने मेले. त्याच महिन्यात अहमदपूर तालुक्यातल्या ढाळेगावात एका शेडमधली सुमारे ४,२०० पिल्लं दगावली. अंगणातली कोंबडीही बर्ड फ्लूने मरू शकते, कारण ती रानपाखरांच्या संपर्कात येते. पण एकाच वाणाचे, एकाच वयाचे हजारो पक्षी एका छपराखाली असले की रोगाला वाट शोधावी लागत नाही.

म्हणून मागणी दोन जागी करायला हवी. सरकारकडे : ब्रॉयलरसाठीही नियम करा आणि जास्त जागा देणाऱ्या शेतकऱ्याला दरात भरपाई द्या. उदगीरला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. आपल्या उन्हाला साजेसा स्वस्त शेड कसा असावा, हे तिथून गावोगावी पोचू शकतं. आणि दुसरी मागणी आपल्याच मोहल्ल्यात : पाय बांधून उलट्या लटकवलेल्या कोंबड्या नकोत, पिंजऱ्याला सावली आणि पाणी हवं, एकीसमोर दुसरी कापू नये.

गेल्या उन्हाळ्यात शिरूरला गेलो तेव्हा ओळखीच्या दुकानात हे बोललो. दुकानदार मामूंनी ऐकून घेतलं. दुसऱ्या दिवशी पिंजरा आणि ठीह्याच्या मध्ये पोत्याचा पडदा होता, पिंजऱ्यात पाण्याचं भांडं होतं. म्हणाले, "परदा लगा दिया बाबा. उसके पहले का मेरे हाथ में नै."

ते खरंच त्यांच्या हातात नाही. पण जुम्याला दुकानासमोर रांग लावणारे आपण कमी नाही. सुरीचा प्रश्न आपण इतकी वर्षं विचारला, म्हणून प्रत्येक दुकानदाराकडे त्याचं उत्तर तयार असतं. त्या चाळीस दिवसांचा प्रश्नही आता तिथेच विचारायला हवा.