मूळ पाठ आणि त्याखालचे थर

तापी आणि गोमाई या नद्यांच्या संगमावर वसलेल्या प्रकाशा येथे १९५५ साली बी. के. थापर यांनी उत्खनन केले आणि ताम्रपाषाणयुगापासून पुढचे चार कालखंड उजेडात आणले. खालचा थर पाहिल्यावाचून वरच्या थराचा उलगडा होत नाही, ही उत्खननाची पहिली शिकवण होय. संगणकभाषांच्या इतिहासातही हाच नियम अधिक कठोरपणे लागू पडतो, असे प्रस्तुत टिपणात दाखवावयाचे आहे.

संगणकभाषेचा मूळ पाठ म्हणजे माणसाने लिहिलेली, माणसास वाचता येणारी संहिता. ती यंत्राच्या अंकभाषेत उतरविणाऱ्या आज्ञावलीस कम्पायलर म्हणतात. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आर. नरसिंहन यांच्या गटाने बांधलेले टिफ्रॅक हे यंत्र १९६० साली कार्यान्वित झाले, तेव्हा आज्ञा अंकभाषेतच लिहाव्या लागत. १९६४ मध्ये तेथे सी.डी.सी. ३६०० हे विकतचे यंत्र आले. त्याच्या निर्मात्यांनी फोरट्रान भाषेचा कम्पायलर पुरविला होता. सोय झाली खरी. परंतु तळाचा थर दृष्टीआड झाला.

याच सुमारास, १९६२ साली, अमेरिकेतील एम.आय.टी. येथे लिस्प भाषेचा कम्पायलर लिस्पमध्येच लिहिला गेला. येथून एक चक्र सुरू होते: भाषा स्थापावयाची तर तिचा कम्पायलर हवा, आणि कम्पायलर तयार करावयाचा तर ती भाषा आधी हवी. प्रचलित कार्यप्रणालीवर हे चक्र जाणवत नाही, कारण तयार कम्पायलर आयता मिळतो. विरळ कार्यप्रणालीवर मात्र ते उघडे पडते.

बेल प्रयोगशाळेत जन्मलेली प्लॅन नाइन ही अशीच विरळ कार्यप्रणाली. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या गो भाषेचे आरंभीचे कम्पायलर याच प्रणालीच्या कम्पायलरांपासून उत्क्रांत झाले होते व सी भाषेत होते. २०१५ मध्ये, १.५ या आवृत्तीपासून, ते गो भाषेतच आले. आज प्लॅन नाइनवर ही भाषा केवळ मूळ पाठापासून उभी करू पाहणाऱ्याने सीच्या साहाय्याने १.४ ही आवृत्ती तयार करावी, तिच्यावरून १.१७, पुढे १.२०, मग १.२२, असा क्रम आहे. दुसरा मार्ग म्हणजे अन्य यंत्रावर कम्पायलर घडवून येथे आणणे. परंतु त्यात परक्या यंत्रावर विश्वास टाकावा लागतो.

हा विश्वास क्षुल्लक नव्हे. गो भाषेच्या तीन जनकांपैकी एक असलेल्या केन टॉमसन यांनी १९८४ साली प्रसिद्ध झालेल्या व्याख्यानात दाखवून दिले की, कम्पायलरमध्ये दडविलेला दोष मूळ पाठात त्याची एकही खूण नसताना पिढ्यानुपिढ्या वाहत राहू शकतो. म्हणजे निर्दोष पाठ हा निर्दोष परंपरेचा पुरावा ठरत नाही.

आपल्या विद्याशाखेस यातून एक कर्तव्य प्राप्त होते. कोश, शब्दसूची व भाषिक सामग्री यांवर काम करणाऱ्या आज्ञावली आज विभागोविभागी तयार होत आहेत. त्यांचा केवळ मूळ पाठ जपणे म्हणजे उत्खननातील वरचा थर तेवढा उचलून ठेवणे होय. ज्या कम्पायलरने त्या घडल्या तो, त्याची आवृत्ती आणि त्यामागची साखळी यांचीही नोंद व जतन झाले पाहिजे. एरवी उद्याच्या संशोधकाच्या हाती पाठ असेल. परंतु तो जिवंत करण्याचे साधन नसेल.