छताचा विमा आणि छताची निगा

३ जून २०२० रोजी रायगडच्या किनाऱ्यावर धडकलेल्या ‘निसर्ग’ चक्रीवादळाने असंख्य घरांची कौले व पत्रे उडवून नेले. असे नुकसान घरविम्यातून भरून मिळू शकते. दर पावसाळ्यात गळणाऱ्या गच्चीचा खर्च मात्र मिळत नाही. विमा आकस्मिक संकटासाठी असतो. झीज, गंज किंवा निगेअभावी होणारी हानी त्यातून वगळलेली असते.

१ एप्रिल २०२१ पासून लागू झालेल्या ‘भारत गृह रक्षा’ या प्रमाणित पॉलिसीत आग, वीज, भूकंप, वादळ, पूर, दरड कोसळणे आदींपासून संरक्षण मिळते. इमारतीची विमा रक्कम घराच्या बाजारभावावर नव्हे, तर चटई क्षेत्र व बांधकामाच्या दरावर ठरते. जमिनीची किंमत तीत धरत नाहीत.

सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार गच्चीची दुरुस्ती व पावसाच्या पाण्याची गळती रोखणे ही संस्थेची जबाबदारी आहे. ती वरच्या मजल्यावरील सदनिकाधारकाची एकट्याची नव्हे.

मेअखेरपर्यंत पन्हाळी व गच्चीवरील पाइप साफ करावेत, फुटकी कौले बदलावीत, पत्र्यांचे हुक घट्ट करावेत आणि भेगांत उगवलेली पिंपळाची रोपे मुळासकट काढावीत. दुरुस्तीच्या पावत्या व छायाचित्रे जपून ठेवावीत. वादळात हानी झालीच, तर विमा कंपनीला तातडीने कळवावे, छायाचित्रे घेऊन ताडपत्री घालावी आणि सर्व्हेअरची पाहणी होईपर्यंत मोडतोड झालेले सामान टाकून देऊ नये. दुर्लक्षामुळे नव्हे, तर वादळामुळेच छत गेले, हे दाखविण्यास हाच पुरावा उपयोगी पडतो.