तारणारा आणि अवतार : फाळके यांच्या कृष्णपटांपासून विज्ञानपटांपर्यंत

विज्ञानपटांतील उद्धारक नायकाच्या ठिकाणी ख्रिस्तचरित्राचे प्रतिबिंब शोधण्याची प्रथा चित्रपटसमीक्षेत आता चांगलीच रुजली आहे. या प्रथेला आधार नाही असे नव्हे. १९५१ सालच्या 'द डे द अर्थ स्टुड स्टिल' या अमेरिकी चित्रपटात परग्रहावरून आलेला क्लाटू 'कार्पेंटर', म्हणजे सुतार, हे आडनाव धारण करून माणसांत वावरतो, गोळी लागून मरतो व आपल्या यानात पुन्हा सजीव होतो. हे साम्य योजून केलेले होते, असे त्याचे पटकथाकार एडमंड नॉर्थ यांनी पुढे सांगितले. इतकेच नव्हे, तर या पुनरुत्थानास चित्रपट-नियंत्रकांनी हरकत घेतल्यामुळे जन्ममरणाची सत्ता सर्वशक्तिमान आत्म्याकडेच आहे, अशा आशयाचे वाक्य क्लाटूच्या तोंडी घालावे लागले. तथापि प्रत्येक ठिकाणी असा पुरावा मिळत नाही, आणि पुराव्यावाचून दाखविलेले साम्य हे साम्यच राहते. 'बदनाम' या शब्दातील फारसी 'बद' आणि त्याच अर्थाचा इंग्रजी 'बॅड' यांच्यात उच्चाराचे व अर्थाचे साम्य असूनही कुळाचा काडीमात्र संबंध नाही, हे भाषाशास्त्राच्या विद्यार्थ्यास ठाऊक असते. चित्रपटांच्या अभ्यासकांनीही ही सावधगिरी बाळगावयास हवी.

उसनवारीचा निःसंशय पुरावा उपलब्ध आहे असे एक उदाहरण भारतीय चित्रपटाच्या प्रारंभीच सापडते, आणि ते नाशिक जिल्ह्याशी निगडित आहे. धुंडिराज गोविंद फाळके यांचा जन्म १८७० साली त्र्यंबकेश्वरी झाला. १९१० साली मुंबईच्या अमेरिका-इंडिया पिक्चर पॅलेसमध्ये त्यांनी ख्रिस्तचरित्रावरील चित्रपट पाहिला. १९१७-१८ मध्ये 'नवयुग' मासिकात लिहिलेल्या लेखमालेत त्यांनी या अनुभवाची हकीकत दिली आहे. पडद्यावर ख्रिस्ताचे चरित्र सरकत असता त्यांच्या मनश्चक्षूंपुढे श्रीकृष्ण, श्रीरामचंद्र, गोकुळ व अयोध्या उभी राहिली, असा तिचा आशय आहे. आपली माणसे, आपले देव पडद्यावर कधी दिसतील, या तळमळीतून पुढचा सारा उद्योग निघाला. पत्नी सरस्वतीबाईंना तोच चित्रपट दाखविण्यासाठी त्यांना पैसे उसने आणावे लागले. ख्रिस्ताच्या जागी कृष्ण कल्पिल्याची ही कबुली कोणा समीक्षकाच्या तर्कातून आलेली नाही. ती कर्त्याच्या स्वतःच्या मराठीत नमूद आहे.

मग फाळक्यांनी नेमके काय घेतले? येथे 'पगार' या शब्दाचे उदाहरण उपयोगी पडेल. पोर्तुगीज भाषेत 'पागार' हे क्रियापद. त्याचा अर्थ चुकते करणे. मराठीने ध्वनी घेतले, पण त्यांचे नाम केले आणि महिन्याच्या वेतनाला ते लावले. फाळक्यांच्या उसनवारीचा प्रकार काहीसा असाच आहे. त्या काळी फ्रान्समधील कंपन्या ख्रिस्तचरित्र एकापाठोपाठ एक मांडलेल्या देखाव्यांच्या रूपाने दाखवीत. अॅलिस गी यांच्या १९०६ सालच्या चित्रपटात असे पंचवीस देखावे होते. प्रेक्षकास कथा आधीच पाठ असे. त्याला हवे असे ते चमत्काराचे प्रत्यक्ष दर्शन, आणि ते कॅमेऱ्याच्या करामतीने घडविता येई. चंद्रावरील सफरीचा १९०२ सालचा सुप्रसिद्ध चित्रपट काढणाऱ्या जॉर्ज मेल्येस याने १८९९ मध्ये पाण्यावरून चालणारा ख्रिस्तही पडद्यावर आणला होता. विज्ञानपट व भक्तिपट यांची पाळेमुळे एकाच कारखान्यात गुंतलेली आहेत, ही गोष्ट पुष्कळदा दृष्टीआड होते. फाळके स्वतः जादूचे प्रयोग करीत आणि आपल्या आडनावाची अक्षरे उलटवून 'प्रोफेसर केळफा' म्हणवीत. चमत्काराची ही कारागिरी त्यांना तत्काळ उमगली यात नवल नाही.

उलट दिशेची उसनवारी मराठीत त्यापूर्वीच झाली होती. फादर स्टीफन्स यांनी १६१६ साली गोमंतकात छापलेल्या 'ख्रिस्तपुराणा'त ओवी, पुराण ही संज्ञा व स्वर्गासाठी 'वैकुंठ' हा शब्द घेऊन त्यांत ख्रिस्तकथा भरली. नाशकात एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास मिशनऱ्यांनी वसविलेल्या वसाहतीचे नावही 'शरणपूर' असे पडले. नाशिकला शिकलेले नारायण वामन टिळक १८९५ मध्ये ख्रिस्ती झाले. त्यांनी हाती घेतलेल्या काव्याचे 'ख्रिस्तायन' हे नावच रामायणाच्या वळणावर बेतलेले आहे. १९१९ साली टिळक वारले तेव्हा ते अपुरे होते. नाशिकजवळच्या जलालपूरच्या लक्ष्मीबाईंनी ते पुढे पूर्ण केले. टिळक रामायणाच्या साच्यात ख्रिस्त ओतीत होते त्याच सुमारास फाळके ख्रिस्तपटाच्या साच्यात कृष्ण ओतीत होते. दोघांनाही साचा परका वाटला नाही.

पण साच्यात ओतलेले द्रव्य एक नव्हते, आणि भाषा याची साक्ष देते. मिशनऱ्यांच्या मराठीत रूढ झालेला 'तारणारा' आणि परंपरेतील 'अवतार' हे दोन्ही शब्द 'तॄ' या एकाच धातूपासून निघाले आहेत. एक पैलतीरास नेतो, दुसरा खाली उतरतो. तारणारा एकदाच येतो आणि इतरांच्या पापांसाठी स्वतः मरण पत्करतो. अवतार पुनःपुन्हा येतो आणि दुष्टांचे निर्दालन करतो. ख्रिस्तचरित्राचा कळस क्रूसावर आहे, कृष्णचरित्राचा कंसवधात.

१९१३ साली 'राजा हरिश्चंद्र' प्रदर्शित झाल्यावर फाळक्यांनी आपला कारखाना नाशकास हलविला. १९१८ मध्ये तेथेच हिंदुस्तान सिनेमा फिल्म्स कंपनी उभी राहिली व त्याच वर्षी 'श्रीकृष्णजन्म' आला. या मूकपटाचा जो अंश शिल्लक आहे त्यात भयभीत कंसाला आपले शिर धडावेगळे होताना दिसते. कॅमेऱ्याची करामत तीच. मात्र ती उद्धारकाच्या वेदनेऐवजी अत्याचाऱ्याच्या भीतीवर खर्च झाली आहे. पुढील वर्षीच्या 'कालियामर्दना'त फाळक्यांची कन्या मंदाकिनी कृष्ण झाली. तिचा कृष्ण डोहातून विजयी होऊन वर येतो, आणि वर येण्यासाठी त्याला मरावे लागत नाही. या दृश्याला पुनरुत्थानाचे रूपांतर म्हणणे ओढूनताणून होईल.

हा भेद ध्यानात ठेवला म्हणजे पुढील विज्ञानपटांची वर्गवारी थोडी निराळी दिसू लागते. १९३८ साली दोन ज्यू तरुणांनी निर्माण केलेल्या सुपरमॅनला १९७८ च्या चित्रपटात पित्याने जगाकडे पाठविलेल्या एकुलत्या पुत्राचे रूप मिळाले. परंतु विनाशातून वाचविण्यासाठी दूर पाठविलेले व शेतकरी दांपत्याने वाढविलेले अद्भुत मूल मराठी प्रेक्षकास बेथलेहेमपेक्षा गोकुळाची आठवण अधिक करून देईल. 'द मेट्रिक्स'चा (१९९९) निओ मात्र मरून उठतो, आणि त्याला जागे करणाऱ्या स्त्रीचे नाव ट्रिनिटी, म्हणजे त्रैक्य, आहे. तेथे ख्रिस्ती वळण स्पष्ट आहे. हिंदी चित्रपटात 'कोई मिल गया' (२००३) मधील परग्रहवासी ओंकाराच्या सुरांना उत्तर देत येतो आणि 'क्रिश' (२००६) चा नायक कृष्ण हेच नाव धारण करतो. त्यांचा वंश फाळक्यांपर्यंत नेता येईल. त्यांच्यासाठी क्रूस शोधण्याची गरज नाही.

सर्वांत उद्बोधक उदाहरण २०२४ सालच्या 'कल्की २८९८ एडी' या तेलुगू चित्रपटाचे आहे. भविष्यकालीन उजाड काशी, सत्ताधीशाच्या प्रयोगशाळेतील गर्भवती सुमती आणि तिच्या गर्भावर टपलेली सत्ता या मांडणीत कंसाचा कारावास व हेरोदाची बालहत्या या दोहोंचे स्मरण होते. केवळ साम्य मोजणारा समीक्षक येथे दोन्ही बाजूंनी पुरावे गोळा करू शकेल. निर्णायक ठरतो तो अश्वत्थामा. उत्तरेच्या गर्भावर अस्त्र सोडण्याचे त्याचे पाप, त्यासाठीचा शाप आणि युगानुयुगे वाहणारी जखम या सर्वांचे प्रायश्चित्त म्हणून कल्कीच्या मातेचे रक्षण त्याच्याकडे आले आहे. दुःख भोगण्याचे व पापाची भरपाई करण्याचे काम कथेने उद्धारकावर न टाकता त्याच्या पहारेकऱ्यावर टाकले आहे. स्वतः उद्धारक पहिल्या भागाच्या अखेरीपर्यंत जन्मलेलाच नाही.