घरच्या भाकरीचा इतिहास

केळापूर तालुक्याचें नांव इतिहासाच्या ग्रंथांत आलें तर तें बहुधा एकाच प्रसंगानें येतें. १८१८ सालच्या एप्रिल महिन्यांत दुसरा बाजीराव नागपूरकर भोसल्यांच्या मदतीच्या आशेनें पूर्वेकडे येत असतां, पांढरकवड्यानजीक शिवणी येथें कर्नल आडाम्सच्या फौजेनें त्याचा पराभव केला. आणि पुढें सुमारें दीड महिन्यानें पेशवा इंग्रजांच्या स्वाधीन झाला. ज्या शिवारांतून त्या फौजा गेल्या त्या शिवारांत काय पिकत होतें व आसपासच्या घरांत काय शिजत होतें, याची वार्ता लढाईच्या वर्णनांत मिळत नाहीं. आम्हांसही तिची आठवण होण्याचें कांहीं कारण नव्हतें. तें कारण एका पोळीनें दिलें.

पंचवीस वर्षें चाकरीनिमित्त परगांवीं काढून आम्ही कांहीं काळापूर्वीं या तालुक्यांतील आपल्या घरीं कायमचे परतलों. परगांवीं असतां घर म्हटलें म्हणजे आमच्या डोळ्यांपुढें एकच चित्र उभें राही: चुलीपुढें बसलेल्या मातोश्री, परातींत ज्वारीचें पीठ, तव्यावर पाण्याचा हात फिरविलेली भाकर, आणि शेजारीं तुरीचें वरण किंवा अंबाडीची भाजी. परतल्यावर पहिल्या दिवशीं पानांत गव्हाची पोळी आली. तो पाहुणचार समजून आम्ही स्वस्थ राहिलों. आठ दिवस पोळीच येत राहिली, तेव्हां मात्र, ‘आतांच्या मुलींना भाकर थापण्याचा कंटाळाच फार,’ असें धाकट्या भावजयीच्या कानांवर जाईल अशा बेतानें आम्ही बोललों. नात्यानें आम्ही तिचे भासरे. ती कांहीं बोलली नाहीं. उत्तर मातोश्रींनीं दिलें: ‘आता कोनाच्या घरी ज्वारी हाय, बापू? वावरातच नाही तं चुलीवर कुठून येईन?’

हें ऐकून आम्हांस खरोखर लाज वाटली. बारा एकरांच्या धन्याचें घर, आणि घरांत ज्वारीचा दाणा नाहीं! ही गोष्ट कशी घडली हें पाहावें म्हणून आम्हीं पेटींतील सातबाऱ्याचे जुने उतारे काढले. उताऱ्याच्या खालच्या भागांत, म्हणजे गांव नमुना बारामध्यें, दर सालचें पीक नोंदलेलें असतें. जुन्या कागदांवर कापूस, ज्वारी, तूर असा क्रम दिसला. पुढें ज्वारीचा आंकडा लहान होत गेला, मग सोयाबीन हा नवा शब्द आला, आणि त्यानंतर ज्वारी हें नांव पुन्हां दिसलें नाहीं. ज्याला आम्ही चुलीपुढील आळस म्हणत होतों त्याचा पुरावा तलाठ्याच्या दप्तरांत निराळाच निघाला.

स्वयंपाकाचा इतिहास लिहावयाचा तर लोक पाकशास्त्राच्या पुस्तकांकडे वळतात. रामचंद्र सखाराम गुप्ते यांचें ‘सूपशास्त्र’ १८७५ सालचें, लक्ष्मीबाई धुरंधर यांचें ‘गृहिणीमित्र’ १९१० सालचें. दोन्ही मोलाचीं आहेत. परंतु असलीं पुस्तकें वाचतां येणाऱ्या गृहिणीसाठीं लिहिलेलीं असतात, आणि रोजची भाकर कोणी पुस्तकांतून शिकत नाहीं. आमच्याकडील चुलीची बखर पाहावयाची तर ती शेताच्या कागदांतच पाहिली पाहिजे.

या भागाचा जुना संसार ज्वारीवर उभा होता, आणि तो केवळ भाकरीपुरता नव्हता. दाण्यांची भाकर होई. जाडसर भरडून कण्या शिजवीत व त्या ताकाबरोबर किंवा वरणाबरोबर खात. पीठ आंबवून आंबील करीत. कडबा बैलांच्या दावणीला जाई. सालदाराच्या वर्षाच्या मजुरींत ज्वारीचा वांटा ठरलेला असे, म्हणजे धन्याची आणि गड्याची चूल एकाच ढोलींतून पेटे. कापसाच्या ओळींत तुरीची ओळ असे, तिचें वरण. बांधावर अंबाडी, तिची भाजी. जवस व तीळ यांच्या चटण्या. गहूं सणावारीं निघत. गोवऱ्यांच्या आरांत भाजलेले रोडगे आणि वांग्याची भाजी हा देवकार्याचा बेत. रानाकडेच्या कोलाम व गोंड घरांतून मोहाचीं फुलें, टेंभुर्णीचीं फळें, चारोळी यांचीही भर पडे. जगदंबेच्या देवस्थानामुळें ओळखलें जाणारें केळापूर असो कीं तालुक्याची कचेरी असलेलें पांढरकवडा असो, अन्नाची ही घडी सर्वत्र थोड्याफार फरकानें सारखीच होती.

ही घडी कापसानें प्रथम हलविली. १८५३ सालीं निजामानें वऱ्हाड इंग्रजांच्या हवालीं केला. १८६१ पासून १८६५ पर्यंत अमेरिकेंत यादवी युद्ध चाललें, तिकडचा कापूस इंग्लंडच्या गिरण्यांस मिळेना, आणि वऱ्हाडच्या कापसाला कधीं नव्हे तो भाव आला. १८६७ सालीं आगगाडी वऱ्हाड ओलांडून नागपूरपर्यंत पोहोंचली. त्या वेळीं केळापूर हा वणी जिल्ह्याचा तालुका होता. १९०५ सालीं फेररचना होऊन त्या जिल्ह्यास यवतमाळ हें नांव मिळालें. परंतु ध्यानांत घेण्याजोगी गोष्ट ही, कीं कापूस वाढला तरी कास्तकारानें ज्वारी सोडली नाहीं. १८९९-१९०० च्या दुष्काळानें वऱ्हाडास जो तडाखा दिला त्यानंतर तर घरची ढोली भरलेली असण्याचें महत्त्व कोणास सांगावें लागलें नसेल. कापूस विकण्यासाठीं व ज्वारी खाण्यासाठीं, असा हा तह पुढें पुष्कळ वर्षें टिकला.

तो तह आमच्या हयातींत मोडला. १९६४ सालीं संकरित ज्वारीचें पहिलें वाण आलें. त्याचा उतारा मोठा; पण तें लवकर तयार होई, आणि शेवटचा पाऊस कणसांवर पडला म्हणजे दाणा काळा पडे. ‘हायब्रीड’च्या भाकरीला जुन्या ज्वारीची गोडी नाहीं हें म्हातारीं माणसें तेव्हांपासून म्हणत आलीं. १९७२ च्या दुष्काळांत सरकारी दुकानांतून अमेरिकेचा लाल मिलो आला. घराबाहेरून आलेल्या ज्वारीची भाकर पुष्कळांनीं तेव्हांच प्रथम खाल्ली. पुढें सोयाबीन आलें. तें तीनसाडेतीन महिन्यांत निघतें, रोख पैसा देतें, आणि पांखरें त्याच्या वाटेस जात नाहींत. २००२ सालीं बीटी कापसास परवानगी मिळाली. बियाणें, खत, औषध यांसाठीं रोकड लागूं लागली, आणि जें पीक रोकड देत नाहीं त्याला वावरांत जागा उरली नाहीं. टिपेश्वरच्या रानालगतच्या गांवांत रानडुकरें व रोही यांची भीति वेगळी. ट्रॅक्टर आला, बैल कमी झाले, मग कडब्याची गरजही गेली. शेवटीं २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यानें पात्र कुटुंबास माणशीं पांच किलो धान्य स्वस्तांत, आणि २०२३ पासून मोफत मिळूं लागलें. तें धान्य आमच्याकडे मुख्यतः गहूं व तांदूळ. यास आम्ही नांवें ठेवीत नाहीं. ज्या मजुराच्या घरीं मजुरीची ज्वारी संपली म्हणजे उपास पडे, त्याच्या घरीं आज पोळी आहे ही लहान गोष्ट नव्हे.

सारांश, भाकर आधीं शेतांतून गेली आणि मागाहून चुलीवरून उतरली. शेताचा निर्णय पुरुषांनीं घेतला, तोही बहुधा कर्जाच्या व बाजाराच्या दडपणाखालीं. आणि पानांत भाकर दिसेना तेव्हां बोल मात्र सुनांना लागला. गांवोगांवच्या ओट्यांवर ही तक्रार आम्हीं ऐकली आहे, आणि वर कबूल केल्याप्रमाणें स्वतःही केली आहे.

आमच्या आठवणींतल्या चित्रांत आणखी एक उणीव होती, ती मातोश्रींनींच दाखविली. भाकर आठवते, पण तिच्यापूर्वींचें जातें आठवत नाहीं. आम्ही अंथरुणांत असतां पहांटेच्या अंधारांत त्यांनीं दळण दळलेलें असे. गिरणी आल्यावर डोक्यावरून दळण नेलें. चुलीच्या धुरानें डोळे चुरचुरले ते निराळेच. घरीं गॅसची शेगडी आली त्या दिवशीं आपणांस काय वाटलें हें त्या जितक्या आनंदानें सांगतात, तितक्या आनंदानें भाकरीविषयीं कधीं बोलत नाहींत. परदेशीं गेलेला मुलगा घरची आठवण काढतो तेव्हां तो पुष्कळदां दुसऱ्याच्या कष्टांची आठवण काढीत असतो. आतां तर शहरांतील दुकानांत ज्वारी अनेकदां गव्हाहून महाग विकली जाते, आणि २०२३ हें वर्ष भरडधान्यांचें म्हणून जगभर पाळलें गेलें. परंतु त्या गौरवानें आमच्या शिवारांत ज्वारीची ओळ वाढलेली आम्हांस दिसली नाहीं.

म्हणून गेल्या खरिपांत आम्हीं स्वतः अर्धा एकर ज्वारी पेरली. राखणीला आम्हीच बसलों. गांवांत दुसऱ्या कोणाची ज्वारी नसल्यामुळें साऱ्या शिवारांतील पांखरें आमच्याच वावरांत उतरलीं, आणि घरीं आली ती जेमतेम दोन पोतीं. पहिल्या दिवशीं मातोश्री शेजारीं पाटावर बसल्या, भावजयीनें पीठ मळलें, आणि पहिली भाकर तव्यावर टाकतांना मोडली. ती आम्हीं मागून घेतली व वरणांत कुसकरून खाल्ली. तिला जुनी चव होती असें म्हणवत नाहीं; बियाणेंही जुनें नव्हतें. पण त्या दिवशीं भावजयीनें प्रथमच मान वर करून विचारलें, ‘यंदा अजून पेराल का?’

एकट्यानें पेरून पांखरांचेंच पोट भरतें, हें आतां आम्हांस समजलें आहे. लगतच्या दोन कास्तकारांशीं बोलणें झालें आहे. त्यांतील एक ‘पाहूं’ म्हणाला; दुसरा बियाण्याचा भाव विचारून गेला.