शालेय समुपदेशकाची सल्लागार भूमिका

शाळेतला समुपदेशक विद्यार्थ्याशी थेट बोलतो, तसाच तो विद्यार्थ्याच्या भोवतीच्या मोठ्या माणसांशीही बोलतो. वर्गशिक्षक, मुख्याध्यापक, आई-वडील, कधी सांभाळ करणारी आजी यांना मुलाचा प्रश्न समजून घ्यायला आणि रोजच्या रोज हाताळायला मदत करणे, ही त्याची सल्लागार भूमिका. या कामात मूल बहुतेक वेळा समोर नसते, पण सगळी चर्चा त्याच्याचसाठी चाललेली असते. समुपदेशकाच्या खोलीत मुलाला आठवड्यातून जेमतेम अर्धा तास मिळतो. वर्गशिक्षक त्याला रोज तासन्‌तास पाहतात आणि उरलेला वेळ ते घरी असते. त्यामुळे शिक्षक-पालकांशी होणारी बैठक समुपदेशकाच्या कामाचा गाभाच ठरते.

पूर्वपीठिका : शिक्षकाने मुलाची अडचण तज्ज्ञाकडे न्यावी, ही वाट जुनी आहे. 1896 मध्ये मार्गारेट मॅग्वायर या शिक्षिकेने शुद्धलेखनात सतत चुकणाऱ्या एका विद्यार्थ्याला फिलाडेल्फियात मानसशास्त्रज्ञ लाइटनर विटमर यांच्याकडे नेले. तपासणीत मुलाची दृष्टी कमजोर असल्याचे आढळले. त्याला चष्मा मिळाला आणि त्याच्यासाठी वेगळी शिकवणीही सुरू झाली. त्याच वर्षी पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात विटमर यांचे मानसशास्त्रीय चिकित्सालय उभे राहिले.

पहिल्या महायुद्धानंतर व्हिएन्नात आल्फ्रेड आडलर यांनी शाळांच्या आधाराने बालमार्गदर्शन केंद्रे सुरू केली. तिथे मूल व पालक यांच्याशी होणारे बोलणे शिक्षकांच्या उपस्थितीत चाले, म्हणजे एका मुलाबद्दलची चर्चा ऐकताना शिक्षकांना आपल्या वर्गातली इतर मुलेही समजू लागत. 1934 मध्ये राजकीय उलथापालथीत ही केंद्रे बंद पडली, पण आडलर यांचे सहकारी रुडॉल्फ ड्रायकर्स यांनी तो विचार शिकागोत नेला. मुलाच्या गैरवर्तनामागे लक्ष वेधणे, सत्ता गाजवणे, सूड घेणे किंवा ‘मला जमतच नाही’ असे दाखवणे यांपैकी एखादा हेतू असतो, अशी त्यांची मांडणी होती. त्यातली शिक्षकांच्या कामाची गोष्ट अशी, की हेतू ओळखण्याची खूण मोठ्यांच्या स्वतःच्या मनात सापडते. नुसता वैताग आला तर मूल लक्ष मागत असावे, ‘बघतोच आता’ असे वाटले तर झगडा सत्तेचा असावा. मन दुखावले गेले तर सूड, आणि हात टेकावेसे वाटले तर मुलाने आधीच हार मानलेली असू शकते.

कॅप्लन यांची पद्धत : आजच्या सल्लामसलतीचा पाया मनोविकारतज्ज्ञ जेरल्ड कॅप्लन यांनी घातला. दुसऱ्या महायुद्धानंतर जगभरातून इस्राएलमध्ये आलेली सुमारे 16,000 मुले-मुली शंभराहून अधिक निवासी संस्थांत राहत होती. त्यांच्या मानसिक आरोग्याची जबाबदारी कॅप्लन यांच्या जेरुसलेममधील छोट्या गटावर होती. एकेका मुलाला तिथे आणून तपासणे शक्यच नव्हते. म्हणून गट स्वतः संस्थांमध्ये जाऊ लागला आणि मुलांना सांभाळणाऱ्यांशी बोलू लागला. एका संस्थेतून येणाऱ्या तक्रारी पुन्हा पुन्हा एकाच प्रकारच्या असतात, हे तिथे लक्षात आले. मुलांच्या अडचणीइतकीच सांभाळणाऱ्यांची नजरही पाहावी लागते, हा धडा त्यातून मिळाला. पुढे अमेरिकेत हार्वर्डमध्ये काम करताना कॅप्लन यांनी ही पद्धत विकसित केली आणि 1970 च्या ग्रंथात सविस्तर मांडली.

त्यांच्या मते सल्ला मागणारा चार कारणांनी अडतो : माहिती कमी पडते, कौशल्य कमी पडते, आत्मविश्वास डळमळतो किंवा तटस्थता सुटते. चौथे कारण सर्वांत नाजूक. ‘आई-वडील वेगळे राहतात, म्हणजे हा मुलगा वाया जाणारच’ असा निष्कर्ष शिक्षकाच्या मनात नकळत पक्का झालेला असला, की मुलाची प्रत्येक चूक त्याचा पुरावा वाटू लागते. अशा वेळी कॅप्लन शिक्षकाच्या खासगी आयुष्यात शिरत नाहीत. त्याच मुलाबद्दलच्या नोंदी शांतपणे पुन्हा चाळायच्या आणि दुसरे शेवटही शक्य आहेत हे दाखवायचे, एवढेच करायचे. हे नाते बरोबरीचे असते. समुपदेशक शिक्षकाचा वरिष्ठ नसतो. सल्ला मानायचा की नाही हे शिक्षक ठरवतो आणि मुलाची जबाबदारीही त्याच्याकडेच राहते.

वर्तनाधिष्ठित पद्धत : जॉन बर्गन यांनी 1977 मध्ये मांडलेली दुसरी पद्धत शाळांत अधिक रुळली. तिच्या चार पायऱ्या आहेत : प्रश्न नेमका ठरवणे, त्याचे विश्लेषण, योजना राबवणे आणि परिणाम तपासणे. समजा, सहावीतला एक मुलगा ‘फार चंचल’ असल्याची तक्रार आली. समुपदेशक आधी विचारतो, तो नेमके काय करतो, किती वेळा आणि कोणत्या तासाला? आठवडाभराच्या नोंदीत दिसते, की तो जागा सोडतो ती बहुतेक गणिताच्या तासाला, फळ्यावरची उदाहरणे उतरवायची वेळ आली की. मग प्रश्न चंचलपणाचा राहत नाही. फळा नीट दिसतो का, मागची रीत समजली आहे का, उठल्यावर बाईंचे लक्ष मिळते म्हणून तो उठतो का, हे तपासता येते. उपाय शिक्षिकेबरोबर बसून ठरतो आणि काही दिवसांनी नोंदी पुन्हा पाहिल्या जातात. पुढे सुझन शेरिडन आणि थॉमस क्रॅटोकविल यांनी याच पायऱ्यांवर पालक आणि शिक्षक यांना एकाच बैठकीत बसवणारी संयुक्त सल्लामसलत विकसित केली.

पालकांशी काम : शाळेतून बोलावणे आले की आपल्या मुलाची तक्रारच असणार, असे धरून पालक येतात. म्हणून जाणता समुपदेशक बोलण्याची सुरुवात प्रगतिपुस्तकातल्या लाल रेघांपासून करत नाही. घरी मूल काय आवडीने करते, कशावर रुसते, झोपते किती वाजता, हे तो आधी विचारतो. मूल घरात कसे असते याची माहिती पालकांकडेच असते, आणि ती मिळाल्याशिवाय वर्गातली योजना अर्धीच राहते.

गोपनीयता : मुलाने विश्वासाने सांगितलेली प्रत्येक गोष्ट शिक्षकखोलीत न्यायची नसते. योजना राबवायला लागेल तेवढेच सांगायचे आणि सांगण्याआधी मुलाला कल्पना द्यायची, ही रीत. भारतात बालकांवरील लैंगिक अत्याचाराची माहिती मिळाल्यास ती पोलिसांना देणे 2012 च्या पोक्सो कायद्याने बंधनकारक आहे. तिथे गोपनीयतेची सबब चालत नाही.

व्यवसायातील मान्यता : 1966 मध्ये अमेरिकेतील समुपदेशकांच्या दोन संघटनांच्या संयुक्त समितीने प्राथमिक शाळेतील समुपदेशकाची कामे तीन सांगितली : समुपदेशन, सल्लामसलत आणि समन्वय. तेथील शालेय समुपदेशक संघटना दर 250 विद्यार्थ्यांमागे एक समुपदेशक असावा अशी शिफारस करते.

भारत आणि महाराष्ट्र : देशातील पहिले बालमार्गदर्शन केंद्र 1937 मध्ये मुंबईत, आजच्या टाटा समाजविज्ञान संस्थेत सुरू झाले. कोठारी आयोगाने (1964–66) माध्यमिक शाळांसाठी दर दहा शाळांमागे एक फिरता समुपदेशक सुचवला होता. इतक्या शाळा एकाकडे असल्या, तर शिक्षकांना हाताशी धरल्याशिवाय काम पुढे सरकणेच अशक्य.

महाराष्ट्रात या भूमिकेची गरज अध्ययन अक्षमतेच्या संदर्भात ठळकपणे दिसते. वाचन-लेखनात विशिष्ट अक्षमता असलेल्या मुलांना राज्यात 1996 पासून दहावीच्या परीक्षेत सवलती मिळू लागल्या, आणि 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात या अक्षमतेला स्थान मिळाले. प्रमाणपत्र रुग्णालयातून मिळते, पण वह्यांमधल्या चुकांची तऱ्हा पहिल्यांदा दिसते ती वर्गशिक्षकांना. त्या वह्या जपून ठेवायला सांगणे, ‘आळशी आहे’ हा शेरा थांबवणे आणि घरच्यांना तपासणीसाठी तयार करणे, हे समुपदेशकाचे काम.

25 जुलै 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयाने विद्यार्थ्यांच्या आत्महत्यांसंबंधीच्या एका निकालात, शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थांनी किमान एक पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता नेमावा, असे निर्देश दिले. त्याच निर्देशांत शिक्षक व शिक्षकेतर कर्मचाऱ्यांना वर्षातून किमान दोनदा प्रशिक्षण आणि पालकांसाठी नियमित जागृती कार्यक्रम यांचाही समावेश आहे. शाळांनी केवळ पद भरून भागणार नाही. शिक्षकांना समुपदेशकाबरोबर बसता येईल असा तास वेळापत्रकात राखून ठेवावा लागेल, आणि नोकरी करणाऱ्या पालकांना येता येईल अशी वेळही काढावी लागेल.